दिवाळीनंतर मारायचा रंधा

“आत्ता रंधा नाही मारायचा, साहेब. दिवाळी होऊन जाऊ द्या.”

मिस्त्रीकाका आमच्या पुढच्या दाराच्या कडेवरून तळहात फिरवत होते आणि मी मागे मोबाइलचा दिवा धरून उभा होतो. वीज अजून यायची होती. ऑगस्ट २०२४ चा शेवट. गोकुळाष्टमीच्या पावसात विश्वामित्री फुगली, आजवा धरणाचं पाणी आलं आणि एका रात्रीत नदी कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यात येऊन बसली. दोन दिवस घरात कमरेएवढं पाणी होतं. आईला आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं, देव आणि कागदपत्रं माळ्यावर टाकली, झोपाळा दोरीने ओढून छताजवळ बांधला. बडोद्याच्या रस्त्यांवर मगरी निघाल्याचे व्हिडिओ त्या आठवड्यात देशभर फिरले. पाणी उतरलं तेव्हा मागे चिखल राहिला, आणि हे दार. शेवटच्या चार बोटांवर येऊन ते चौकटीला अडत होतं.

दार सागवानी आहे. दांडिया बाजारातलं आजोबांचं घर पाडलं तेव्हा बाबांनी ते वाचवून इथे बसवलं. गणपती आठवड्यावर आले होते. रात्री कडीला दोरी बांधून आम्ही झोपत होतो. मला ते दार त्याच दिवशी लागायला हवं होतं आणि तसं मी काकांना दोनदा सांगितलं. काका गुजराती सुतार, पण तीन पिढ्या बडोद्यातल्या मराठी घरांची कामं केल्यामुळे आमच्याशी मराठीच बोलतात.

“लाकडाने पाणी प्यायलं आहे. ते त्याच्या मर्जीने परत देणार. मी आज छिललं तर दार आज लागेल, आणि पौषात फटीतून तुम्हाला रस्ता दिसेल.” मग त्यांनी पेन्सिलीने दाराच्या कडेवर तीन खुणा केल्या: एक वरच्या बिजागरीच्या समोर, एक कडीपाशी, एक खाली. पैसे घेतले नाहीत. “काम कुठे केलं?” म्हणाले आणि आईला “बा, येतो” म्हणून शेजारच्या घरात गेले. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत त्यांना सकाळी सातपासून बोलावणी होती.

स्वयंपाकघराची गत वेगळी होती. सहा वर्षांपूर्वी आम्ही मॉड्युलर किचन करून घेतलं होतं. लाकडाच्या चुऱ्यात गोंद घालून दाबलेल्या फळ्या, वर चकचकीत पांढरा पापुद्रा. पाण्यात दोन दिवस राहून त्या फळ्या कडेने फुगल्या, पापुद्रा सुटला, आणि स्क्रू हाताने ओढला तरी निघत होता, चहात बुडवलेल्या खारीतून काडी निघावी तसा. ती फळी वाळली तरी मूळ जाडीवर परत येत नाही, तिच्यात स्क्रू पुन्हा धरत नाही. कंपनीला फोन केला. पुराचं पाणी हमीत बसत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. कागदावर तसं लिहिलेलंच होतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. तीन दिवसांनी ट्रॅक्टर आला आणि गल्लीतल्या बारा-पंधरा घरांची स्वयंपाकघरं कचरा म्हणून घेऊन गेला.

याच सुमारास पुण्याहून भाच्याने एक तक्ता पाठवला. ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑसबॉर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांचा अभ्यास करून प्रत्येकापुढे एक आकडा लिहिला होता: हे काम यंत्राच्या हाती जाण्याची शक्यता किती. फोनवरून वस्तू विकणाऱ्यांपुढे ९९ टक्के. प्लंबर ३५. इलेक्ट्रिशियन १५. सुतार ७२. भाच्याने खाली लिहिलं होतं, “मामा, तुझे मिस्त्री गेले.”

मी एका लहान बांधकाम कंपनीत एस्टिमेटर आहे, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा, १९९३ पासून. आकडा पाहिला की तो कशाचा आहे हे आधी बघायची सवय आहे. त्या यादीत ‘सुतार’ दोनदा येतो, हे भाच्याच्या लक्षात आलं नव्हतं. घरावर, साइटवर काम करणारा सुतार ७२ वर आहे. कारखान्यात बाकावर कपाटं करणारा सुतार ९२ वर आहे. हे दोन आकडे मी आमच्या घरातच शेजारी शेजारी पाहत होतो. ट्रॅक्टरमध्ये गेलं ते किचन ९२ वाल्याचं काम होतं, आणि ते यंत्राने कधीच घेतलेलं होतं. दार ७२ वाल्याचं.

शिवाय त्या दोघांनी मोजलं होतं ते यंत्राला एखादं काम जमू शकेल का, एवढंच. यंत्र खरोखर येईल का, परवडेल का, हा हिशेब त्यात नव्हता. पुढे २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी तीन अभ्यासकांनी पूर्ण व्यवसायाऐवजी त्यातली सुटी कामं मोजली, तेव्हा २१ देशांत मोठ्या धोक्यात असलेल्या नोकऱ्यांची सरासरी ९ टक्क्यांवर आली. मला ही दुसरी पद्धत पटते, कारण आम्हीही दर काढताना काम असंच फोडतो. ‘एक दार’ असं काही नसतं. चौकट असते, झडप असते, बिजागऱ्या, कडी, उंबरा, आणि शेवटी ते सगळं वाकड्या भिंतीत सरळ उभं करणं असतं. पहिल्या पाच गोष्टी यंत्राला येतात. सहावी येत नाही.

तरी मी व्हिडिओ पाहिले, एक रात्रभर. जपानच्या एआयएसटी या संस्थेने २०१८ मध्ये माणसासारखा रोबोट दाखवला होता. १८२ सेंटिमीटर उंच, १०१ किलो वजनाचा. तो टेबलावरून जिप्समचा बोर्ड उचलतो, भिंतीपाशी नेतो आणि स्क्रू मारतो. इतका सावकाश, की आपणच पुढे होऊन त्याला हात द्यावासा वाटतो. अमेरिकेत विटा रचणारं यंत्र आहे. ते विटा भराभर ठेवतं, पण सांध्यातला मसाला साफ करायला आणि कोपरे उचलायला शेजारी गवंडी लागतोच. बेंगळुरूत २०२३ साली यंत्राने थरावर थर काँक्रीट ओतून पोस्ट ऑफिस उभं केलं. १,०२१ चौरस फूट, ४३ दिवसांत. हे शेवटचं मला मनापासून आवडलं. ओळंब्याशिवाय भिंत अशी सरळ चढताना पाहणं हा आमच्या धंद्यातल्या माणसाला मोठाच आनंद आहे.

हे रोबोट बडोद्याच्या साइटवर उद्या येणार नाहीत. त्याचं कारण आमच्या कारागिराचं कौशल्य आहे असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण माणसाची स्वस्ताई आहे, आणि त्याचा मला आनंद वाटत नाही. दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआकडून आलेल्या बायका पोराला साडीच्या झोळीत टांगून तिसऱ्या मजल्यावर घमेली चढवतात. ते ओझं उचलणारं यंत्र उद्या आलं तर मी परवा त्याची ऑर्डर देईन. त्या कामात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, नुसती पाठ झिजते.

पण रोबोटची वाट बघत बसल्याने एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली. सुतार साइटवरून निघून गेलाय. एकही रोबोट न येता.

१९९३ मध्ये मी कामाला लागलो तेव्हा प्रत्येक साइटवर सर्वांत आधी सुताराची झोपडी उभी राहायची. पत्र्याच्या त्या छपराखाली सागवानाच्या वासात चार-सहा माणसं वर्षभर बसलेली असत. चौकटी तिथेच व्हायच्या, खिडक्या तिथेच, झडपा तिथेच. सेंट्रिंगचे सुतार निराळे. फळ्या आणि बल्ल्या लावून स्लॅबचा साचा ते बांधत. मग तयार फ्लश डोअर आली. मग लाकडी खिडकी गेली, अॅल्युमिनियमची सरकती आली. चौकटी प्लास्टिक आणि लाकडाच्या भुशाच्या मिश्रणातून ओतून येऊ लागल्या. त्यांना वाळवी लागत नाही, त्या पाण्यात फुगत नाहीत, आणि हे सगळं खरं आहे. उंच इमारतींवर अॅल्युमिनियमचे साचे आले. भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात, वीट नाही, प्लास्टर जवळजवळ नाही, आणि साचा जोडायला सुतार लागत नाही, नंबर बघून तुकडे अडकवणारी माणसं पुरतात. राजकोटला केंद्र सरकारच्या लाइटहाउस प्रकल्पात १,१४४ घरं बोगद्यासारख्या साच्यात ओतली गेली. १ जानेवारी २०२१ ला अशा सहा शहरांतल्या प्रकल्पांची पायाभरणी एकदम झाली होती.

आमच्या एस्टिमेटच्या कोष्टकात ‘सुतारकाम, साइटवर’ अशी एक ओळ होती. ती मीच खोडली, २०१६ मध्ये. त्या वर्षीच्या एका इमारतीत तिच्यापुढे लिहायला काही उरलं नव्हतं. सगळं ‘तयार दारे-खिडक्या, बसवण्यासह’ या ओळीत मावत होतं. पुढच्या कामासाठी तीच फाइल नक्कल करून घेतली, आणि तिच्यापुढच्याला ती नक्कल. आता आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना ती ओळ होती हेही माहीत नाही. कुणी अन्याय केला नाही, कुणाला नोकरीवरून काढल्याचं पत्र गेलं नाही. माणसं फक्त पुढच्या साइटवर बोलावली गेली नाहीत.

मिस्त्रीकाका त्यांपैकीच. आमच्या कंपनीची शेवटची लाकडी खिडकी त्यांनी केली. त्यानंतर ते घरोघरची दुरुस्ती करू लागले, आणि आमची खरी ओळख तेव्हाच झाली.

सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतर, मी त्यांच्याकडे झोपाळा घेऊन गेलो. झोपाळा संखेड्याचा आहे, आजीच्या लग्नातला. संखेडा इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथले खरादी सागवानाचे पाय लेथवर कातून त्यावर कथलाची नक्षी काढतात आणि वरून लाखेचा थर देतात. चांदीसारखी नक्षी लाखेखाली सोन्यासारखी दिसू लागते. मग फिरत्या लाकडावर केवड्याचं पान धरून चकाकी आणतात. पुरात झोपाळा वर बांधला होता तरी घाईत एक पाय भिंतीवर आपटून सांध्यातून हलला होता. काकांनी पाय हलवून बघितला, कान जवळ नेला, आणि लहान पटाशीने पाचर काढायला बसले.

त्यांचं दुकान म्हणजे वाडीतल्या घराचा ओटा आणि मागची खोली. तिथे सगळी यंत्रं आहेत: विजेवरचा रंधा, गोल करवत, ट्रिमर. त्यांना यंत्राचा राग नाही. संखेड्याचा लेथ पूर्वी दोरीने फिरवत, एक माणूस नुसता ओढायला लागे, आता मोटर फिरवते, आणि खराद्याचा हात हत्यारावर होता तिथेच आहे. “ओढणारा गेला ते बरंच झालं,” काका म्हणाले. “त्याचे खांदे जायचे.” मला त्या क्षणी वाटलं की माझ्या मनातला गोंधळ यात सुटतोय. एक यंत्र ओझं काढून घेतं, एक यंत्र शिकवणी काढून घेतं. दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो.

मी विचारलं, तुम्ही कसे शिकलात? त्यांनी पाचर बाजूला ठेवली. पहिलं वर्ष हत्यारांना धार लावली आणि भुसा झाडला. दुसऱ्या वर्षी न्हाणीच्या खिडक्या. लहान झडप, स्वस्त लाकूड, कुणी निरखून बघत नाही. एका इमारतीत अठ्ठेचाळीस न्हाण्या. “पहिल्या दहा खिडक्या वडिलांनी फेकून दिल्या. वीसनंतर बोलणं बंद केलं. चाळीसनंतर मला कळायला लागलं की लाकूड कुठल्या बाजूने कापून घेतं आणि कुठल्या बाजूने रागावतं.”

अठ्ठेचाळीस सारख्या खिडक्या. यंत्राला नेमकं तेच काम आवडतं: सारखं, पुन्हा पुन्हा, मोजून मापून. ते त्याने घेतलं, आणि स्वस्तात, अचूक करून दिलं. माणसासाठी जे ठेवलं ते अवघड काम: फुगलेलं दार, शंभर वर्षांच्या झोपाळ्याचा सांधा, एकही कोपरा काटकोनात नसलेली खोली. ते काम नवशिक्याच्या हाती कोण देईल? मी माझा झोपाळा दिला नसता. माळ्याच्या शिडीच्या खालच्या चार पायऱ्या आपण काढून घेतल्या आणि वर चढलेल्या म्हाताऱ्यांना बघून म्हणतो आहोत, हा धंदा सुरक्षित आहे. ७२ टक्के की ९ टक्के, हा वाद घालताना ही गोष्ट कुठल्याच रकान्यात येत नाही. काम उरेल आणि येणारा माणूस नसेल, असंही होऊ शकतं. मला त्याचीच भीती जास्त वाटते.

काकांचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. मॉड्युलर फर्निचर बसवतो, बॅटरीच्या ड्रिलवर. त्या दिवशी तो दुपारी जेवायला घरी आला होता. मी त्याला हेच विचारलं, जरा उपदेशाच्या सुरात. त्याने शांतपणे सांगितलं, “काका, पप्पा दिवसाला एक दार करतात. मी दिवसाला एक किचन लावतो. माझं घर माझ्या कामावर चालतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. आणि त्याचं कामही नुसतं स्क्रू मारण्याचं नाही. कारखान्यातून फळी मिलिमीटरला मिलिमीटर जुळवून येते, पण घराची भिंत वर जाता जाता दोन सेंटिमीटर बाहेर झुकलेली असते. त्या दोन सेंटिमीटरचं काय करायचं हे फळी कापणाऱ्या यंत्राला माहीत नसतं. मुलाला माहीत असतं. तो बारीक पट्टी तासून ती फट अशी बुजवतो की गिऱ्हाईकाला भिंत वाकडी आहे याचा पत्ता लागत नाही. त्याचं पोट त्या दोन सेंटिमीटरवर आहे.

मी येताना मुद्दाम कलाभवन या जुन्या तंत्रशाळेवरून आलो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. गज्जर हे आडनावच गुजरातेत सुतारांचं. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, आणि धंद्याचं शिक्षण लोकांच्या भाषेतून मिळावं हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी कारखाने नुकते वाढू लागले होते, यंत्राचा माल हाताच्या मालाला मारत होता. महाराजांपुढेही प्रश्न आमच्यासारखाच असणार, आणि त्यांनी शाळा काढली. आज तिथे इंजिनिअर तयार होतात, उत्तम होतात. माझी पदविका त्याच आवारातली. मात्र तिथे शिकताना लाकूड पौषात आकसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळायला मला पूर यावा लागला.

तुळशीचं लग्न झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यावर, काका आले. सोबत मुलगा होता; रविवार होता, त्याला सुटी होती. काकांनी दार ढकललं. ते तीन खुणांपैकी फक्त मधल्या खुणेपाशी घासत होतं. वरचं आणि खालचं लाकूड आपोआप जागेवर गेलं होतं. ऑगस्टमध्ये मी हट्ट केला असता तर तिन्ही ठिकाणी छिललं गेलं असतं.

दार उतरवून दोन स्टुलांमध्ये कडेवर उभं केलं. मुलाने गाडीतून विजेचा रंधा आणला. काकांनी नको म्हटलं नाही, “दोन हात फिरव, जास्त नाही,” एवढंच म्हणाले. मग स्वतःचा लोखंडी रंधा काढून त्याच्या हातात दिला. पहिल्या झटक्याला रंधा अडखळला, लाकडाचे रेषे उपटले गेले. मुलाने बापाकडे पाहिलं. काकांनी त्याचा तळहात धरून दाराच्या कडेवरून एकदा इकडून तिकडे फिरवला, मग तिकडून इकडे, आणि हात सोडून दिला. मुलगा काही न बोलता दाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथून मारलेल्या तिसऱ्या झटक्याला लांब, अखंड पापुद्रा निघाला, गुंडाळत जमिनीवर पडला. सत्तर-ऐंशी वर्षांच्या सागवानाचा वास खोलीभर पसरला. आई आतून म्हणाली, “दांडिया बाजारच्या घराचा वास येतोय.”

दार लागलं. कडी बोटाने ढकलली तरी बसते.

जानेवारीत आमच्याकडे सोळा घरांच्या एका लहान सोसायटीचं काम आलं. मी कोष्टकात जुनी ओळ पुन्हा घातली: ‘सुतारकाम, साइटवर’. देवघरांची दारं, पोटमाळ्याच्या झडपा आणि न्हाणीच्या खिडक्या लाकडी धरल्या, आणि मजुरीत दोन माणसं लिहिली, एक मिस्त्री आणि एक शिकाऊ. खर्च फार वाढत नव्हता. आमच्या शेटनी फाइल वाचून मला बोलावलं. देवघरांची दारं त्यांना आवडली. गिऱ्हाईक खूश होईल म्हणाले. न्हाणीच्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या करायला सांगितल्या. मिस्त्री ठेवला. शिकाऊची ओळ कापली.

या आठवड्यात वाघोडिया रोडवरच्या एका कामाचं एस्टिमेट करतोय. त्यात ती ओळ मी पुन्हा लिहिली आहे.